दोरा बांधलेली बरणी

४ सप्टेंबर

वन्सं,

नमस्कार लिहिते. घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

माझं अक्षर बघून तुम्ही आधी पाकीट उलटसुलट करून बघाल आणि मग कुठेतरी खोचून ठेवाल. हरकत नाही. पत्राला घाई नाही. घाई मलाच असायची.

हे फेब्रुवारीत गेले, ते तुम्हाला कळलं असेल. दोन ओळींचं कार्ड मी शेजारणीकडून लिहून घेतलं होतं, माझ्यानं लिहवेना. तोवर महिना उलटून गेला होता, कारण तुमचा पत्ताच नव्हता. सापडला तो यांच्या चष्म्याच्या डबीत, काच पुसायच्या फडक्याखाली, चार घड्या घातलेला. कधीपासून होता, कुणाकडून मिळवला, ते आता कुणाला विचारू? कार्डाचं उत्तर आलं नाही. यावं असं काही त्यात नव्हतंच.

आज लिहिण्याचं कारण आपलं सफरचंदाचं झाड आहे. तुम्ही म्हणायचात, हे झाड एक वर्ष काम करतं आणि एक वर्ष रजा घेतं. गेल्या वर्षी रजा झाली. यंदा एवढं लागलंय की दोन फांद्यांना टेकू द्यावे लागले. सकाळी मागचं दार उघडलं की पाऊल ठेवायला जागा नसते, नुसता सडा. निम्मी फळं पाखरं टोचतात, निम्मी मी उचलते.

रस्त्याच्या टोकाच्या वृद्धाश्रमात नव्या व्यवस्थापिका आल्या आहेत. त्या परवा भिंतीवरून झाड बघून आत आल्या. म्हणाल्या, आमच्यातल्या निम्म्यांना दात नाहीत आणि उरलेल्यांना चावायचा कंटाळा आहे. पूर्वी या घरून सफरचंदाचा गर यायचा असं कुणीतरी सांगितलं, यंदा द्याल का? त्या नव्या आहेत, त्यांना काही माहीत नाही. मी बघते म्हणाले.

बाकीचं सगळं हाताला आठवतंय. फक्त लिंबू किती, ते आठवत नाही. तेवढं एका ओळीत कळवा. बाकी कशाबद्दल मी लिहिणार नाही. तुम्हीही लिहू नका.

तुमच्या भावाची बायको


१७ सप्टेंबर

वन्सं,

कार्ड मिळालं. “बरणीमागे एक मोठा चमचा. जात आंबट असली तरी.” एवढंच. मीच एक ओळ मागितली होती, तुम्ही दोन दिल्यात. अक्षर थोडं कापरं झालंय तुमचं.

काल पहिला घाणा केला. साली काढून, गाभा काढून, तळाला कपभर पाणी घालून मोठ्या पातेल्यात शिजवला आणि त्याच चाळणीतून उतरवला. चाळणीचा एक कान तुटलाय, तारेनं बांधलाय. तुम्ही अख्ख्या फळाची साल एका लांब फितीत काढायचात, ते मला अजून जमत नाही. माझी तीन ठिकाणी तुटते. हे शेजारी बसून म्हणायचे, “घाईबाईच्या हातात दिलं तर ही झाड लावायच्या आधी फळं उतरवेल.” हे नाव तुम्हीच दिलेलं, आणि लग्नानंतर आठवड्याभरातच. आता ते घेऊन हाक मारणारं घरात कुणी नाही.

बरण्या भरल्या नाहीत. हा घाणा तसाच खाऊन संपवीन. भरायच्या आधी थोडं मन घट्ट करायचंय.

बरण्यांच्या फळ्यांवरचा जुना कागद काढला. तुम्हाला आठवतं ना, मी वाचायला शिकले ती त्या कागदांवर. शाळा चौथीत सुटली आणि इथे आले तेव्हा अक्षरं ओळखीची होती, पण वाक्यात भेटली की परकी व्हायची. तुम्ही फळीच्या मापानं वर्तमानपत्र कापायचात, त्यामुळे प्रत्येक बातमी मधेच तुटायची. पुढे वाचनालयात नाव घातलं तेव्हा पहिल्यांदा कळलं, लोक गोष्टीचा शेवटही लिहितात.

यांच्या शेवटच्या दिवसांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत. तरी सांगते. नोव्हेंबरपासून घशाखाली काही उतरेना. सूपसुद्धा ठसका लागून परत यायचं. एक दिवस स्वतःच म्हणाले, सफरचंदाचा गर मिळेल का. अकरा वर्षं या घरात तो झाला नव्हता. झाडाची रजा होती. मी बाजारातली फळं आणली, वाटीभर केला आणि त्यांना सांगितलं, ताईनं पाठवलाय.

चार चमचे खाल्ले. म्हणाले, “ताईचा हात आहे. कळतो.”

त्यानंतर रोज तोच. रोज मी करायची आणि रोज तो तुम्ही पाठवलेला असायचा. मी खोटं बोलले, पण त्यांच्या पोटात काहीतरी गेलं. ते योग्य होतं की नाही हे मी आता ठरवत बसत नाही.

तुमच्या भावाची बायको


२५ सप्टेंबर

वन्सं,

तुमचं काही आलं नाही. येणार नव्हतंच, मी काही विचारलं नव्हतं.

मागच्या पत्रात मी थांबले ती अलीकडेच थांबले. पुढचं आज लिहिते. दोनदा लिहून फाडलंय. आता एकदा लिहायला लागले की थांबायचं नाही असं ठरवून बसले आहे.

ते रोज खात होते, तेव्हा जानेवारीत एक दिवस म्हणाले, “ताईला लिही. तेव्हा मी तसं बोलायला नको होतं. म्हणावं, जमलं तर ये.” मी हो म्हणाले. लिहिलं नाही. तीन वेळा विचारलं, तीन वेळा सांगितलं, टाकलं पत्र, येईल उत्तर. पत्ता नव्हता हे खरं. पण मी मागितलाही नाही. तो त्यांच्या उशाशी चष्म्याच्या डबीत होता, “पत्ता कुठाय” एवढं मी विचारलं असतं तरी मिळाला असता. त्यांना वाटलं असेल, हिच्याकडे आहेच.

का नाही लिहिलं, तर तुम्ही आला असतात म्हणून. आला असतात तर त्यांच्याजवळ बसला असतात, जुनी गोष्ट निघाली असती, आणि ती निघाल्यावर मला त्या खोलीत उभं राहता आलं नसतं.

आता ती जुनी गोष्ट.

त्या वर्षी तुम्हाला ताप होता. आश्रमाच्या स्वयंपाकघरात तुम्हाला एकोणीस वर्षं झाली होती आणि झाड लागेल त्या वर्षी इथल्या फळांचा गर तुम्ही स्वतः भरून न्यायचात. त्या दिवशी उठवेना म्हणून पहिल्यांदा माझ्यावर सोपवलंत. आदल्याच दिवशी यांच्यासमोर तुम्ही मला बोलला होतात, की हिला काही सोपवायचं म्हणजे मागून पुन्हा करायचं. हे हसले होते. मी ते मनात धरलं होतं.

बारा बरण्या होत्या. पहिल्या नऊ मी अगदी तुम्ही शिकवलंत तशा भरल्या. वर बोटभर जागा सोडली, सुरी फिरवून हवा काढली, कड ओल्या फडक्यानं पुसली आणि मगच झाकण लावलं. मग पाणी उकळून वर यायला लागलं. शेवटच्या तीन भरताना मी कडा पुसल्या नाहीत. फडकं हातात होतं, पण मला घाई झाली होती.

उकळून काढल्या आणि टेबलावर जाड कापडावर मांडल्या. दुपारची वेळ होती. तुम्ही पलीकडच्या खोलीत झोपलेल्या. मी खुर्ची घेऊन बसले. थंड होताना झाकण आत बसतं आणि टक् असा आवाज येतो, तो ऐकायला मला फार आवडायचं. एकेक करत नऊ वाजल्या. पुढच्या तीन वाजेनात. अर्धा तास गेला, तास गेला. झाकणांवरची फुगीर टेंगळं तशीच.

आपल्या घरचा नियम मला माहीत होता. जी वाजली नाही तिच्या गळ्याला लाल दोरा बांधायचा, ती फळीवर जात नाही, आठ दिवसांत घरात खाऊन संपवायची. दोऱ्याचं रीळ समोर होतं. पण तीन दोरे बांधायचे म्हणजे बारातल्या तीन फुकट गेल्या हे संध्याकाळी सगळ्यांना दिसणार. मी अंगठा ठेवला आणि झाकण दाबलं. टक् झालं. आतच राहिलं. मग दुसरं. मग तिसरं.

मला वाटलं, बसलं की झालं. देवाशप्पथ, मला तेव्हा माहीत नव्हतं की दाबून बसलेलं झाकण नुसतं मिटल्यासारखं दिसतं, धरत नाही. पण नियम का आहे हे न विचारता मोडला, तेव्हा माहीत नव्हतं म्हणायला तोंड कुठे आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी आश्रमाची गाडी आली. तुम्ही अंथरुणातूनच विचारलंत, “सगळ्या वाजल्या?”

मी म्हणाले, “सगळ्या.”

पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुमच्या सुट्टीच्या दिवशी बदलीच्या बाईनं त्यातल्या उघडल्या. दालचिनीच्या वासात आंबूस वास लपला. सात जणांना उलट्या झाल्या. सहा जण उठले. सुतारआजोबा, ज्यांनी तुमच्या स्वयंपाकघरातल्या फळ्या ठोकून दिल्या होत्या, ते नवव्या दिवशी गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय तसंही थकलेलं होतं. बदलीची बाई म्हणाली, झाकणं बोटानं निघाली, चमचासुद्धा लावावा लागला नाही.

यांनी आपल्या स्वयंपाकघरात उभं राहून तुम्हाला विचारलं, “ताई, झाकणं तपासली नव्हतीस?” तुम्ही म्हणालात, “माझ्याकडून राहिलं.” तेव्हा ते म्हणाले की त्या माणसाच्या जागी आपले बाबा असते तर. तुम्ही आठवड्यात गेलात.

मी तेव्हा ओट्याशी कांदा चिरत होते. मी वळले नाही. कांदा संपला तरी सुरी चालवत राहिले.

तुमच्या नावावर आहे ते माझं आहे, वन्सं. माफ करा असं लिहीत नाही. ते मागायला माझ्याकडे काही उरलेलं नाही. फक्त ते तुमच्या नावावरून काढायचं आहे. कसं, ते दोन दिवसांत ठरवते.


४ ऑक्टोबर

वन्सं,

ठरवायला दोन दिवस म्हणाले होते, आठ लागले.

काल आश्रमात गेले. व्यवस्थापिकांना वाटलं मी बरण्या घेऊन आले, त्यांनी माणसाला ओझं उचलायला हाक मारली. मी म्हटलं, उचलायचं काही नाही, बसायचं आहे. सगळं सांगितलं. लिहिलं होतं त्याच क्रमानं, फडक्यापासून.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, “हे मला बारा वर्षांनी का सांगताय?”

मी म्हटलं, ज्यांना सांगायचं होतं त्यातले दोघे गेले आणि तिसऱ्या बोलत नाहीत.

त्यांनी जुनी घटनांची वही काढली. त्या तारखेखाली चार ओळी आहेत. शेवटची अशी: “स्वयंपाकिणीचा हलगर्जीपणा. कामावरून कमी केले.” तुमचं नाव पुढे. मला वाचता येत नसतं तर बरं झालं असतं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. मी म्हटलं, याखाली मला लिहू द्या. त्या म्हणाल्या, असं कुणी लिहीत नसतं. मी म्हटलं, जागा आहे की दोन बोटं. शेवटी त्यांनी वही माझ्याकडे वळवली. मी लिहिलं, “वरील चूक स्वयंपाकिणीची नसून तिच्या भावजयीची आहे. तीन झाकणे मी दाबली व विचारल्यावर खोटे सांगितले.” सही केली. तारीख कालचीच घातली, आजवरची बारा वर्षं मधे दिसू देत म्हणून.

उठताना त्या म्हणाल्या, तुमच्याकडून आता काही घेता येणार नाही, समजून घ्या. मी समजून घेतलं. फाटकातून बाहेर पडताना स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. सुतारआजोबांच्या फळ्या अजून आहेत. कुणीतरी त्यांना निळा रंग दिलाय.

आता मी कुणासाठी करायचं? झाडाला तर हे कुणी सांगितलेलं नाही, ते आपलं देतंच आहे.

घाईबाई लिहावंसं वाटतं, पण ते नाव तुमचं आहे. तुम्ही परत दिलंत तर घेईन.


१५ ऑक्टोबर

वन्सं,

तुमचं पत्र सोमवारी आलं, सुरुवातच “घाईबाई” अशी. मी ते ओट्याशी उभी राहून वाचलं, मग जमिनीवर बसून वाचलं.

तुम्ही लिहिता: “मी झोपले नव्हते. नऊ आपापल्या वाजल्या, कधी लागोपाठ, कधी थांबून. शेवटच्या तीन सारख्या अंतरानं वाजल्या. बरणी अशी रांगेत वाजत नाही. मला तेव्हाच कळलं.”

आणि पुढे: “सकाळी मी विचारलं ते तू नाही म्हणावंस म्हणून. तू सगळ्या म्हणालीस. तो दारात उभा होता. दोन दिवसांपूर्वीच त्याच्यासमोर तुला बोलले होते, पुन्हा त्याच्यासमोर खोटी पाडणं जिवावर आलं. ठरवलं, तिथे गेले की चमच्यानं वाजवून त्या तीन बाजूला काढीन. ताप आठ दिवस उतरला नाही. मग गेले आणि कामाच्या रगाड्यात विसरले. माझ्याकडून राहिलं म्हणाले ते तुला वाचवायला नाही. ते खरंच माझ्याकडून राहिलं होतं.”

पहिल्यांदा मला राग आला, वन्सं. खोटं कशाला सांगू? बारा वर्षं मी जे लपवत होते ते तुम्हाला त्याच दुपारी माहीत होतं. तुम्ही गेलात ती माझ्यावर चिडून नाही, हे मला एका कार्डावर कळवता आलं असतं. मी मनात म्हटलं, वन्संना माझी एवढी दया आली की एका शब्दानं मला थांबवलं नाही. दुसऱ्या दिवशी राग उतरला, कारण मलाही एकच शब्द बोलायचा होता आणि तो माझ्याकडे तुमच्या आधीपासून होता.

तुम्ही विचारलंत, वहीत तुमचं राहिलेलंही लिहून येऊ का. मी नाही म्हणत नाही. पण एक सांगते. मला वाटलं होतं, एकटीनं उचललेलं दोघींत वाटलं की हलकं होईल. झालं नाही. सुतारआजोबांचं अर्धं तुम्हाला देता येत नाही. तुमच्याकडे पूर्ण आहे आणि माझ्याकडेही पूर्णच आहे. यांचं मात्र वेगळं. “तसं बोलायला नको होतं” हे त्यांनी तुमच्यासाठी ठेवलेलं होतं. ते मी जानेवारीपासून अडवून धरलं होतं. तुम्हाला ते तिसऱ्या पत्रात कांद्याबिंद्याच्या गर्दीत मिळालं, म्हणून पुन्हा वेगळं लिहिते: ते तीन वेळा म्हणाले. तिन्ही वेळा ताई म्हणाले.

आज सकाळी बरण्या भरल्या. कुणासाठी ते न ठरवताच. बारा. प्रत्येक कड पुसली, शेवटच्या तिन्ही दोनदा. दुपारी टेबलावर मांडल्या आणि हात मांडीखाली घेऊन बसले, शाळेतल्या पोरीसारखी. अकरा वाजल्या. बारावी काही वाजेना. कुठे चुकलं, कळत नाही, कड मी डोळ्यांनी बघितली होती. चार वाजेपर्यंत वाट बघितली. टेंगूळ तसंच. अंगठा शिवशिवला, हे तुम्हालाच सांगते.

रीळ काढलं आणि तिच्या गळ्याला लाल दोरा बांधला. आता ती फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात, समोरच आहे.

पत्र तिकडे तिसऱ्या दिवशी पोचतं. गाडीला एक दिवस. नियम तुमचाच, दोरा बांधलेली बरणी आठ दिवसांत संपवायची. एकटीनं माझ्यानं ती संपणार नाही आणि टाकवणारही नाही.

बुधवारपर्यंत टिकेल. मागचं दार उघडंच असतं. पाय जपून टाका, फळं पडलेली आहेत.

घाईबाई